अडतीस मीटर

सव्वीस वर्षं मी अडतीस मीटर उंचावर बसले.
पायाखाली काच, काचेखाली बंदर,
आणि पाठीला आलेला बाक
खाली बघून बघून आलेला, वयानं नव्हे.

आता मला खाली आणलंय.
ग्दिनियाच्या त्याच धक्क्यावर, गोदामामागच्या खोलीत
तीन पडदे, दोन दांड्या, एक खुर्ची.
खुर्चीला मानेसाठी वेगळी उशी.
क्रेन जागच्या जागी आहे, तिच्यात मी नाही.
रिकामी केबिन पुढेमागे धावताना दिसते,
आपल्या स्वयंपाकघरात
परकं कुणी भांडी हुडकत असावं तशी.

संडास चार पावलांवर आहे, हे मान्य करते.
वर असताना चहा मोजून प्यावा लागे,
शिडी उतरून पुन्हा चढायला अकरा मिनिटं,
आणि अख्ख्या बंदरात आम्ही दोघीच बायका.
थंडीही नाही आता. सगळं बरंच आहे म्हणायचं.
मग पहाटे तीनला माझे हात
पांघरुणाखाली कंटेनर का उतरवत असतात?
छातीत काहीतरी सुरू होतं,
त्याची बंद करायची कळ मला सापडत नाही.

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं.
वॉर्सातून आलेल्या मुलीनं विचारलं,
"बदलाला तुम्ही कुठला रंग द्याल?"
इग्नात्सी म्हणाला, "राखाडी. भिंतींना दिलाय तोच."
मग नाकानं श्वास घ्या, चार मोजा, सोडा.
आम्ही घेतला. सोडला.
इग्नात्सीनं त्या शुक्रवारी नोकरीही सोडली.
आता तो मधमाश्या पाळतो,
आणि फोनवर फार वेळ बोलतो.

वारा आता आकडा झालाय,
उजव्या कोपऱ्यात, हिरवा. अकरा. बारा.
चौदाला पिवळा होतो.
वर असताना दोराला आधी कळायचं,
मग माझ्या मांड्यांना,
आकड्याला सगळ्यात शेवटी.
पोलादी दोर गुणगुणायचा,
सूर चढला की मी हात आवरता घ्यायचे.
या खोलीत काहीच गुणगुणत नाही.
मुका कंटेनर मुक्या जहाजावर टेकतो,
टेकला का, हेसुद्धा डोळ्यांनाच विचारायचं.

ऑक्टोबरात एकदा विचारायला उशीर झाला.
कोपरा चेपला. कुणाला लागलं नाही.
अहवालात आलं: हाल्श्का व्ही., जुळवून घेण्याचा काळ.
मी नळ सोडून आरशासमोर उभी राहिले
बराच वेळ.

तिमोन माझ्या धाकट्याहून लहान. केबली सांभाळतो.
बाहेर आले तर दारातच होता. काय कमी पडतंय, म्हणाला.
"कानात काही नाही," मी म्हटलं.
त्याहून जास्त बोलले असते तर रडले असते.
गुरुवारी तो वर चढून आला.
चाळीस झ्लॉटीचा माइक, केबिनच्या दाराशी, चिकटपट्टीनं.
"कागदोपत्री हे नाहीये," म्हणाला
आणि हेडफोन पुढे केला.

आधी नुसती खरखर.
मग एक कुरव, माझं नाव घेऊन शिव्या देणारा.
मग दोर.

पाठ आपोआप पुढे वाकली,
महागडी खुर्ची मागे एकटीच राहिली.

अजून अधूनमधून तिमोन विचारतो, काय म्हणतोय?
मी त्याला एक कान देते.
हा बघ, हा रागावलेला नाही, नुसता लांबचा आहे.
आणि हा, थांब, आत्ता काही उचलायचं नाही.
तो वहीत लिहून घेतो.
लिहून कळणारं नाही ते, पण लिहू दे.

पुढच्या वर्षी एका खुर्चीला दोन क्रेन, असं ऐकते.
दोन दोर एका डोक्यात कसे मावतील, माहीत नाही.
कधीकधी रात्री हात अजून चालू असतात.
काल तीनला उठले, खिडकी उघडली,
डोकं बाहेर काढून ऐकलं.
तेरा, मी म्हटलं.

फोन म्हणाला, बारा.
फोन चुकला असेल.